एकाच कुपीत तीन रेणू आणि समोर निळा दिवा

औषधाचा एखादा रेणू प्रयोगशाळेत घडवायचा म्हणजे सहसा एकेक पायरी चढत जावं लागतं. एका पायरीत एखादा बंध जोडायचा, मिळालेला पदार्थ वेगळा काढायचा, शुद्ध करायचा, सुकवायचा आणि मग पुढच्या पायरीला लागायचं. प्रत्येक पायरीत थोडा माल वाया जातो. दर पायरीला ९० टक्के पदार्थ हाती लागला, तर सेंद्रिय रसायनशास्त्रात तो चांगलाच निकाल मानतात. तरीही दहा पायऱ्यांनंतर उरतो जेमतेम ३५ टक्के. दर पायरीचं यील्ड ८० टक्के धरलं तर शेवटी ११ टक्केसुद्धा उरत नाही. शिवाय प्रत्येक शुद्धीकरणाला लिटरच्या लिटर द्रावक लागतो, आणि औषधउद्योगाच्या कचऱ्यात सर्वांत मोठा वाटा या द्रावकांचाच असतो.

म्हणूनच रसायनशास्त्रज्ञांना एक प्रश्न फार पूर्वीपासून खुणावत आला आहे. तीन-चार कच्चे पदार्थ एकदमच एका भांड्यात टाकले आणि ते आपापसांत योग्य क्रमानं जोडले गेले तर? अशा अभिक्रियांना बहुघटक अभिक्रिया म्हणतात. त्यात तीन किंवा अधिक घटक एकत्र येतात आणि अंतिम रेणूत त्या सगळ्यांचा बराचसा भाग उतरतो.

गेल्या दीड दशकात या जुन्या कल्पनेला दृश्य प्रकाशाची जोड मिळाली. त्याबद्दल लिहिताना बहुतेक जण ‘उष्णतेऐवजी प्रकाश, म्हणून पर्यावरणाला चांगलं’ असं सांगून मोकळे होतात. मला हे वर्णन अपुरं वाटतं, आणि काही वेळा तर ते खरंही नसतं. बहुघटक अभिक्रियेचं सगळं यश कोण कोणाला आधी भेटतं यावर ठरतं. प्रकाशामुळे हा क्रम आपल्या हातात येतो. भांड्यात दहा प्रकारचे रेणू असले तरी प्रकाश त्यातल्या एकालाच जागं करतो, तेही एका वेळी अगदी थोड्यांना. हे कसं घडतं, ते नीट पाहण्यासारखं आहे.

जुन्या अभिक्रिया कशाच्या जोरावर चालतात

१८५० मध्ये आडोल्फ श्ट्रेकर यांनी अ‍ॅसिटाल्डिहाइड, अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड एकत्र आणले आणि मिळालेल्या पदार्थाचं जलविघटन करून अ‍ॅलॅनिन हे अमिनो आम्ल बनवलं. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला आर्थर हांच यांनी एक अल्डिहाइड, अ‍ॅसिटोअ‍ॅसिटिक एस्टरचे दोन रेणू आणि अमोनिया यांच्यापासून डायहायड्रोपिरिडीन नावाची कडी तयार केली. रक्तदाबावरचं निफेडिपिन हे औषध याच घराण्यातलं आहे आणि याच पद्धतीनं बनवता येतं. मग १९५९ मध्ये इव्हार ऊगी यांची चार घटकांची अभिक्रिया आली. तिच्यात अल्डिहाइड, अमाइन, कार्बोक्सिलिक आम्ल आणि आयसोसायनाइड असे चौघे एकत्र येतात आणि बाहेर पडतो फक्त पाण्याचा एक रेणू.

ऊगी अभिक्रियेपाशी थोडं थांबू या, कारण पुढचं सगळं समजायला ती उपयोगी पडते. चार पदार्थ एकत्र टाकल्यावर गोंधळ का होत नाही? आधी अल्डिहाइड आणि अमाइन मिळून इमाइन, म्हणजे कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध असलेला रेणू, तयार होतं. ही पायरी उलटसुलट होऊ शकते. आम्ल त्या इमाइनला प्रोटॉन देतं, तेही उलट होऊ शकतं. मग आयसोसायनाइडचा कार्बन त्यावर जोडला जातो, आणि त्याच कार्बनवर आम्लाचा उरलेला भाग येऊन बसतो. शेवटी रेणूच्या आतल्या आत एक फेरमांडणी होते आणि स्थिर अमाइड बंध तयार होतो. ही शेवटची पायरी मात्र परत फिरत नाही. म्हणजे सुरुवातीला चुकीची वाट धरलेल्या रेणूंना माघारी येण्याची मुभा असते, आणि एक वाट अशी असते की तिथं गेलेला परत येत नाही. हळूहळू सगळा माल त्या एका वाटेनं जमा होतो.

ही रचना फार सुंदर आहे, पण तिची मर्यादाही तिच्यातच आहे. या जुन्या अभिक्रिया जवळपास सगळ्या इलेक्ट्रॉनच्या जोड्यांवर चालतात. एका रेणूकडे इलेक्ट्रॉनची जास्तीची जोडी असते, दुसऱ्याकडे ती घ्यायला जागा असते, आणि बंध जुळतो. त्यामुळे कुठे ना कुठे कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध) किंवा इमाइन लागतंच, आणि तयार होणारे रेणूही त्याच त्या साच्याचे निघतात. साधं अल्कीन (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेला रेणू), अल्किल आयोडाइड (साध्या कार्बन साखळीला आयोडीन जोडलेला रेणू), किंवा कार्बोक्सिलिक आम्लातला कार्बनी भाग यांना या खेळात प्रवेशच नसतो.

एकट्या, जोडी नसलेल्या इलेक्ट्रॉनवर चालणारी रसायनं म्हणजे रॅडिकल. त्यांना ही सगळी दारं खुली असतात. पण रॅडिकल तयार करायची जुनी पद्धत म्हणजे विषारी ट्रायब्युटिलटिन हायड्राइड, स्फोटाची भीती असलेली पेरॉक्साइडं आणि त्यावर उष्णता. दुसरी अडचण अशी की दोन रॅडिकल एकमेकांना भेटले तर जवळपास प्रत्येक भेटीत ते एकमेकांनाच संपवतात. एकाच वेळी फार रॅडिकल तयार झाले की बहुघटक अभिक्रिया तिथेच बिघडते.

रंग नसण्याचा फायदा

प्रकाशाच्या प्रत्येक फोटॉनमध्ये ठरावीक ऊर्जा असते आणि तरंगलांबी जितकी कमी तितकी ती जास्त. २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात ही ऊर्जा मोलमागे सुमारे ४७१ किलोज्यूल भरते. कार्बन-कार्बन एकेरी बंध साधारण ३५० किलोज्यूलला तुटतो. म्हणजे अतिनील किरण रेणूवर पडले की कुठला बंध तुटेल आणि कुठला टिकेल, यावर आपला ताबा कमीच. शिवाय अनेक सेंद्रिय पदार्थ अतिनील किरण स्वतःच शोषतात. तयार झालेला मालही शोषतो आणि पुन्हा बिघडतो.

निळ्या प्रकाशाचं, समजा ४५० नॅनोमीटरचं, गणित वेगळं आहे. तिथं ऊर्जा मोलमागे २६६ किलोज्यूल, म्हणजे सामान्य कार्बन-कार्बन बंध तोडायला अपुरी. आणि मुळात बहुतेक सेंद्रिय कच्चे पदार्थ पांढरे किंवा रंगहीन असतात. रंगहीन असणं म्हणजेच दृश्य प्रकाश न शोषणं. निळा दिवा लावला तरी त्यांना काहीच होत नाही.

वरवर पाहता ही अडचण वाटते, पण सगळी मेख इथेच आहे. भांड्यात एकच रंगीत पदार्थ टाकला, तोही शंभरात एक या प्रमाणात, तर प्रकाश फक्त त्यालाच लागतो. बाकी सगळे जिथल्या तिथे शांत. हा रंगीत पदार्थ म्हणजे प्रकाश-उत्प्रेरक.

सूर्यप्रकाशानं रसायनं घडवण्याचं स्वप्न जुनं आहे. इटलीत बोलोन्या विद्यापीठात जाकोमो चामिचान आणि पाउल झिल्बर यांनी गच्चीवर उन्हात काचेच्या बाटल्या आणि नळ्या मांडून वर्षानुवर्षं प्रयोग केले. १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दिलेल्या भाषणात चामिचान यांनी धुराच्या चिमण्यांऐवजी काचेच्या नळ्यांचे कारखाने असलेल्या भविष्याचं चित्र रंगवलं होतं. ते ज्या प्रकाशाच्या भरवशावर बोलत होते तो शोषून पुढे कामाला लावणारा भरवशाचा रेणू मात्र तेव्हा हाताशी नव्हता.

उत्प्रेरक नेमकं काय करतो

या क्षेत्रातला सगळ्यांत परिचित उत्प्रेरक म्हणजे रुथेनियमच्या अणूभोवती बायपिरिडीनचे तीन रेणू बसवलेला नारिंगी-लाल संयुग. तो ४५२ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषतो. फोटॉन पडला की रुथेनियमकडचा एक इलेक्ट्रॉन उडून बायपिरिडीनवर जातो. मग त्याचा स्पिन उलटतो आणि त्यामुळे त्याला लगेच खाली परतता येत नाही. अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये ही उत्तेजित अवस्था सुमारे १.१ मायक्रोसेकंद टिकते. आपल्या हिशेबानं हा वेळ नगण्य, पण द्रावणातल्या रेणूंच्या हिशेबानं भरपूर. तेवढ्यात शेजारून जाणाऱ्या एखाद्या रेणूशी गाठ पडतेच.

या अवस्थेत उत्प्रेरकाचा स्वभावच बदलतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन तो सहज देऊन टाकतो, आणि खाली रिकाम्या झालेल्या जागी दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन सहज घेतो. एकच रेणू एकाच वेळी जास्त चांगला दाता आणि जास्त चांगला घेणारा होतो. आकड्यांत सांगायचं तर इलेक्ट्रॉन देण्यासाठीचं त्याचं विभव एरवी +१.२९ व्होल्ट असतं, ते प्रकाश पडल्यावर −०.८१ व्होल्टवर येतं. फोटॉननं तब्बल २.१ व्होल्टचा फरक पाडला. तापवून हे साधत नाही, कारण तापवलं की सगळ्याच रेणूंना सारखी ऊर्जा मिळते.

यानंतरचा व्यवहार उसनवारीसारखा आहे. उत्प्रेरकानं एका घटकाला इलेक्ट्रॉन दिला की त्याच्या खात्यात एक इलेक्ट्रॉन कमी होतो. तो त्याला पुढच्या कुठल्यातरी पायरीत दुसऱ्या घटकाकडून परत मिळवावा लागतो, तरच तो पुन्हा प्रकाश घ्यायला मोकळा होतो. बहुघटक अभिक्रियेची आखणी करताना हेच पाहतात की साखळीतल्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर हा इलेक्ट्रॉन परत यायला हवा.

हे डोळ्यांना दिसतंही. निळ्या दिव्यासमोर ठेवलेलं रुथेनियमचं द्रावण स्वतः नारिंगी प्रकाशानं चमकतं, कारण ज्या उत्तेजित रेणूंना कोणी भेटत नाही ते प्रकाश सोडून खाली येतात. द्रावणात हवा असेल तर चमक मंद असते, कारण विरघळलेला ऑक्सिजन मध्येच ती ऊर्जा घेऊन जातो. नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन हाकलला की चमक वाढते. मग ज्या घटकाला इलेक्ट्रॉन द्यायचा आहे तो थेंबाथेंबानं घालत गेलं की चमक पुन्हा उतरत जाते. ती किती घटकामागे किती उतरते हे मोजून कोणत्या पदार्थाशी उत्प्रेरकाचा व्यवहार होतो ते ठरवतात. तीन-चार घटकांच्या मिश्रणात पहिला मान कोणाचा, हे कळायला यासारखी सरळ चाचणी नाही.

रुथेनियमचा हा संयुग सौरऊर्जेच्या संशोधनात कित्येक दशकं वापरात होता. सेंद्रिय अभिक्रियेत त्याचा तुरळक वापरही झाला. १९७८ मध्ये रिचर्ड केलॉग यांच्या गटानं डायहायड्रोपिरिडीननं होणारं क्षपण (म्हणजे दुसऱ्या रेणूला इलेक्ट्रॉन मिळणं) या संयुगामुळे प्रकाशात वेगानं होतं हे दाखवलं होतं. ते डायहायड्रोपिरिडीन म्हणजे हांच यांच्या बहुघटक अभिक्रियेचंच अपत्य, हे मला फार आवडतं. आजही हांच एस्टर या नावानं ते इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन पुरवायला वापरतात, आणि त्याच्या चौथ्या कार्बनवर अल्किल गट बसवला तर प्रकाशात ते अल्किल रॅडिकलही सोडतं. पण खरी गती आली ती २००८ मध्ये. डेव्हिड मॅकमिलन आणि डेव्हिड नायसविच यांनी अल्डिहाइडवर असममित पद्धतीनं, म्हणजे डाव्या-उजव्या हातांसारख्या दोन रूपांपैकी मुख्यतः एकच मिळेल अशा रीतीनं, अल्किल गट जोडला, तोही घरगुती फ्लुरोसंट दिव्याखाली. त्याच वर्षी तेहशिक यून यांनी दोन दुहेरी बंधांपासून चौकोनी कडी बनवली. २००९ मध्ये कोरी स्टीफन्सन यांनी कार्बनवरचे हॅलोजन काढून दाखवले. निळे एलईडी तोवर स्वस्त झाले होते. ते बनवणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सेंद्रिय रसायनशास्त्रानंही त्यांचे आभार मानायला हवेत.

एक अभिक्रिया, पायरीपायरीनं

तोक्योमधले ताकाशी कोइके आणि मुनेताका आकिता यांनी २०१२ मध्ये एक तीन घटकांची अभिक्रिया दाखवली. घटक असे: स्टायरीनसारखं अल्कीन, मिथेनॉलसारखं अल्कोहोल, आणि ट्रायफ्लुरोमिथाइल गट देणारा उमेमोतो अभिकारक. हा गट औषधरेणूंमध्ये फार महत्त्वाचा, कारण त्यामुळे रेणू शरीरात लवकर मोडत नाही आणि मेदात जास्त विरघळतो.

दिवा लागतो. उत्तेजित उत्प्रेरक उमेमोतो अभिकारकाला एक इलेक्ट्रॉन देतो. इलेक्ट्रॉन मिळताच त्यातला कार्बन-गंधक बंध तुटतो आणि ट्रायफ्लुरोमिथाइल रॅडिकल मोकळा होतो. आता त्याच्यासमोर दोघे आहेत, अल्कीन आणि मिथेनॉल. तीन फ्लोरीन अणूंनी इलेक्ट्रॉन ओढून घेतल्यामुळे या रॅडिकलला इलेक्ट्रॉनसमृद्ध जागेची ओढ असते, म्हणून तो अल्कीनच्या दुहेरी बंधाकडे जातो. मिथेनॉलशी त्याची अभिक्रिया होऊ शकते, पण ती खूप सावकाश, तेवढ्यात अल्कीननं बाजी मारलेली असते. रॅडिकल अल्कीनच्या टोकाच्या कार्बनवर बसतो आणि एकटा इलेक्ट्रॉन सरकून बेंझीन कडीशेजारच्या कार्बनवर येतो, जिथं कडीच्या आधारानं तो जरा स्थिरावतो.

आता उसनवारी फिटते. एक इलेक्ट्रॉन कमी असलेला उत्प्रेरक या नव्या रॅडिकलकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि मूळ रूपात परततो. मागे उरतो धनप्रभारित कार्बन. मिथेनॉलची वेळ आता येते, कारण त्याच्या ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनची जोडी आहे आणि धनप्रभाराला तीच हवी असते. प्रोटॉन निघून जातो. एका टोकाला ट्रायफ्लुरोमिथाइल, शेजारच्या कार्बनवर मिथॉक्सी, असा रेणू तयार. मिथेनॉलऐवजी पाणी असेल तर अल्कोहोल मिळतं, कार्बोक्सिलिक आम्ल असेल तर एस्टर. तिसरा घटक बदलून रेणूंची अख्खी मालिका बनवता येते.

या वाटेत रसायनाचा बाज अर्ध्यावर बदलला. आधी एकट्या इलेक्ट्रॉनचं राज्य, मग धनप्रभाराचं. अल्कीनचं पहिलं काम रॅडिकलला घेणं आणि मिथेनॉलचं काम धनप्रभाराला भागवणं. दोघांना एकमेकांच्या कामात रसच नाही, म्हणून तिघांना एकत्र टाकूनही घोळ होत नाही. ऊगी अभिक्रियेत चूक झाली तर मागे फिरायची सोय होती. इथे पायऱ्या परत फिरत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वळणावर योग्य जोडीदार इतरांपेक्षा पुष्कळ वेगवान असावाच लागतो. हा वेगांमधला फरक आधी हिशेबात धरणं, हेच या क्षेत्रातलं खरं कौशल्य आहे.

रॅडिकलचा असा आवडीनिवडीचा स्वभाव आणखी सुरेख दिसतो तो सल्फर डायऑक्साइड घटक म्हणून घेतला की. हा वायू थेट न हाताळता डॅबको नावाच्या अमाइनशी बांधलेल्या पांढऱ्या घन रूपात वापरता येतो. साधा अल्किल रॅडिकल तयार झाला की तो सल्फर डायऑक्साइडला झटकन पकडतो आणि सल्फोनिल रॅडिकल बनतो. आधीच्या रॅडिकलपेक्षा याची आवड वेगळी. त्याला इलेक्ट्रॉनसमृद्ध अल्कीन आवडतं. म्हणजे रॅडिकलनं पहिला जोडीदार निवडला की त्याचा स्वभाव बदलतो, आणि त्या बदललेल्या स्वभावाप्रमाणे तो दुसरा जोडीदार निवडतो.

अमाइनच्या बाबतीतही असंच मोठं काम झालं आहे. मागणी खूप आणि बनवायला किचकट अशी तृतीयक अमाइन (नायट्रोजनला तीन कार्बनी गट जोडलेली) कित्येक औषधांत असतात. केंब्रिजमध्ये मॅथ्यू गाँट यांच्या गटानं २०२० मध्ये द्वितीयक अमाइन, अल्डिहाइड आणि अल्किल आयोडाइड या तीन सहज मिळणाऱ्या पदार्थांपासून ती एका भांड्यात बनवली. अमाइन आणि अल्डिहाइड मिळून इमिनियम आयन, म्हणजे इमाइनचं धनप्रभारित रूप, तयार होतो. सिलिकॉनचा रॅडिकल अल्किल आयोडाइडवरचं आयोडीन ओढून घेतो आणि अल्किल रॅडिकल मोकळा करतो. तो रॅडिकल इमिनियमच्या कार्बनवर बसतो, नायट्रोजनवर धनप्रभारासह एकटा इलेक्ट्रॉन उरतो, आणि तो नायट्रोजन सोबत घातलेल्या सायलेनकडून (सिलिकॉन-हायड्रोजन बंध असलेल्या संयुगाकडून) हायड्रोजन काढून घेतो. हायड्रोजन गेल्यावर सायलेनचा पुन्हा सिलिकॉन रॅडिकल होतो, आणि चाक फिरत राहतं. इथे रुथेनियम नाही, की प्रकाश-उत्प्रेरकांत वापरला जाणारा दुसरा धातू इरिडियमही नाही. मिश्रणावर दृश्य प्रकाश पडला की साखळीला सुरुवात होते.

हीच गोष्ट ग्रिन्यार अभिकारकानं (मॅग्नेशियमला कार्बन गट जोडलेल्या संयुगानं) करायला गेलं असतं तर त्यानं आधी अल्डिहाइडवरच झडप घातली असती. अल्किल रॅडिकलही अल्डिहाइडवर बसू शकतो, पण ती जोडणी फायद्याची नसते आणि सहज सुटते. इमिनियमवरची जोडणी मात्र पुढच्या हायड्रोजनमुळे पक्की होते. ऊगी अभिक्रियेतलं तत्त्व इथे रॅडिकलच्या रूपात भेटतं.

उजेड फार खोल जात नाही

आता अडचणींकडे. वर सांगितलेला रुथेनियमचा संयुग निळा प्रकाश फार जोरात शोषतो. ४५२ नॅनोमीटरला त्याचा मोलर शोषणांक, म्हणजे तो प्रकाश किती जोरात शोषतो याचं माप, सुमारे १४,६०० आहे. अभिक्रियेत त्याचं प्रमाण सहसा लिटरमागे एक मिलीमोलच्या आसपास असतं. या दोन आकड्यांवरून, द्रावणात प्रकाश किती खोल जातो हे सांगणाऱ्या बेअर-लँबर्ट नियमानं हिशेब केला तर ९० टक्के प्रकाश पहिल्या ०.७ मिलिमीटरमध्येच संपतो. म्हणजे बोटाएवढ्या कुपीतसुद्धा काम चालतं ते काचेलगतच्या पातळ थरात, आणि बाकीचं द्रावण ढवळलं जाऊन तिथे येण्याची वाट पाहत असतं.

छोट्या कुपीत हे खपून जातं. पण तीच अभिक्रिया मोठ्या चंबूत केली की आकारमान वाढतं त्या मानानं पृष्ठभाग वाढत नाही, आणि एका रात्रीत होणारं काम आठवड्यावर जातं. उपाय म्हणून द्रावण मिलिमीटरभर जाडीच्या पारदर्शक नळीतून वाहतं ठेवतात आणि नळी दिव्याभोवती गुंडाळतात. जास्त माल हवा असेल तर जास्त वेळ वाहू द्यायचं. काचेच्या नळ्यांचे कारखाने हे चामिचान यांचं चित्र, दिवा विजेचा असला तरी, इथे बरंचसं खरं झालेलं दिसतं.

दुसरी गोष्ट उष्णतेची. ताकदीचे एलईडी चांगलेच तापतात आणि कुपी दिव्यापासून काही सेंटिमीटरवर असते. पंखा लावला नाही तर द्रावण सहज ४०-५० अंशांवर जाऊ शकतं. मग अभिक्रिया प्रकाशानं झाली की उष्णतेनं? यासाठी तीच कुपी अंधारात, त्याच तापमानाला ठेवून पाहावीच लागते. बहुघटक अभिक्रियेत हे फार गरजेचं, कारण तिच्यातल्या काही पायऱ्या, जसं इमाइन तयार होणं, प्रकाशाशिवायही होतातच. ‘प्रकाशानं चालणारी’ असं लेबल लावताना प्रकाशाची गरज नेमक्या कुठल्या पायरीला आहे हे दाखवलेलं नसेल, तर मी तो दावा अर्धवट समजते.

दिवा थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद करून अभिक्रिया बंद काळात थांबते हे दाखवण्याची एक पद्धत रूढ आहे. त्यावरून पुष्कळदा असा निष्कर्ष काढतात की इथे साखळी नाही, प्रत्येक रेणूला स्वतंत्र फोटॉन लागतो. हा निष्कर्ष चुकतो. रॅडिकलची साखळी दिवा बंद झाल्यावर क्षणार्धात विझू शकते, आणि तेवढं बारीक मोजमाप या पद्धतीत होत नाही. खरं उत्तर मिळतं ते किती फोटॉन शोषले गेले आणि त्यातून किती रेणू तयार झाले हे मोजल्यावर. एका फोटॉनमागे एकाहून जास्त रेणू मिळाले, तर साखळी आहे हे नक्की. हे मोजायला वेळ लागतो, म्हणून कित्येकदा टाळलं जातं. टाळू नये, कारण साखळी असेल तर कमी प्रकाशात आणि कमी उत्प्रेरकात काम भागतं.

पर्यावरणाच्या दाव्याचंही असंच आहे. उमेमोतो अभिकारकातून आपल्याला हवा असलेला ट्रायफ्लुरोमिथाइल गट ६९ एकक वजनाचा, आणि त्याच्यामागे कचऱ्यात जाणारा डायबेंझोथायोफीन १८४ चा. सोबतचा ऋण आयन वेगळाच. प्रकाश स्वच्छ आहे म्हणून ही अभिक्रिया आपोआप स्वच्छ ठरत नाही. इरिडियम तर पृथ्वीच्या कवचातल्या सर्वांत दुर्मीळ मूलद्रव्यांपैकी एक. म्हणून धातूविरहित उत्प्रेरकांकडे लोक वळले आहेत. इओसिन वाय हा जुना लाल रंग हिरव्या प्रकाशात काम करतो. ४-सीझेड-आयपीएन हा पिवळा रेणू तर चिहाया आदाची यांच्या गटानं २०१२ मध्ये ओएलईडी पडद्यांसाठी प्रसिद्ध केला होता, आणि काही वर्षांत तो संश्लेषणाच्या प्रयोगशाळांमध्ये इरिडियमच्या जागी बसला.

सध्या कुठे अडलं आहे

कोइके-आकिता पद्धतीची जमेची बाजू म्हणजे बेंझीन कडीनं आधार दिलेला रॅडिकल. तो सहज इलेक्ट्रॉन देतो. साध्या, कडी नसलेल्या अल्कीनवर रॅडिकल बसला तर तयार होणारा नवा रॅडिकल इलेक्ट्रॉन सोडायला तितकासा राजी नसतो, धनप्रभार तयार होत नाही, आणि तिसऱ्या घटकाला शिरायला जागाच राहत नाही. हा अडसर काढायला दुसरा उत्प्रेरक सोबत घेतात, बहुधा तांबं किंवा निकेल. प्रकाश-उत्प्रेरक रॅडिकल तयार करतो, अल्कीन त्याला झेलतं, आणि तयार झालेल्या दुसऱ्या रॅडिकलला हा धातू स्वतःवर पकडून ठेवतो आणि तिसऱ्या घटकाशी जोडून देतो.

यातून आणखी एक गोष्ट साधते. मोकळ्या रॅडिकलचा कार्बन जवळपास सपाट असतो, म्हणून पुढचा घटक त्याच्या कुठल्याही बाजूनं येऊ शकतो, आणि डाव्या-उजव्या हाताच्या रेणूंचं निम्मं-निम्मं मिश्रण मिळतं. औषधासाठी बहुतेक वेळा त्यातला एकच हात हवा असतो. रॅडिकल धातूवर पकडला गेला असेल आणि त्या धातूभोवती एकाच हाताचा लिगँड (धातूला चिकटून राहणारा रेणू) असेल, तर एक बाजू झाकली जाते. तीन घटकांच्या काही अभिक्रियांमध्ये अशा रीतीनं चांगली निवड साधली आहे. पण धातूनं पकडण्याआधीच रॅडिकल दुसऱ्या कोणाला भेटला तर ती निवड हातून जाते. म्हणून अशा अभिक्रियांमध्ये दिव्याची तीव्रता कमी-जास्त करूनही पाहतात. रॅडिकल ज्या वेगानं तयार होतात तो धातूच्या पकडण्याच्या वेगाशी जुळायला हवा, आणि तो वेग बदलायला फक्त दिव्याचं बटण फिरवावं लागतं.